फाटकाची कडी

"बाबा दर हिवाळ्याला येतात ते माझ्यासाठी नाही, त्या रोपांसाठी," असं अरुंधती सगळ्यांना सांगायची. आलापल्लीच्या सागवानी जंगलात वनखात्याची नोकरी केलेले पद्माकर जर्मनीत ब्राउनश्वाइगला लेकीकडे आले, की नातीला घेऊन थेट गावाबाहेरच्या पांढऱ्या पाइनच्या रानात जात.

"बाकीची झाडं तोडली. ही चाळीस का ठेवली?" ते विचारत.

"बी पडायला," सात वर्षांची अन्वी अर्धं जर्मनमध्ये सांगे. "बी उगवलं, रोपं मोठी झाली. आता ही मोठी झाडं जाणार. बर्फ पडल्यावर. म्हणजे बर्फाखाली रोपं चिरडत नाहीत."

"शाब्बास! आणि पाइनच्या एका झुपक्यात सुईसारखी पानं किती?"

"पाच! आजोबा, हे तुम्ही किंडरगार्टनपासून विचारताय."

हरणं आत येऊ नयेत म्हणून रोपांभोवती जाळी होती. रोपांच्या मोजणीसाठी आत जायची परवानगी फॉरेस्टर ब्रांडेसनी दिली होती. निघताना फाटकाची कडी लावणं हे अन्वीचं काम.

त्या शनिवारीही तिने ती लावली. रस्त्यावर आल्यावर पद्माकरांना चष्मा आठवला. तिला बाकावर बसवून ते एकटेच मागे गेले. बोटं गारठली होती, कंबर धरली होती. चष्मा मिळाला, फाटक लोटलं आणि ते निघाले.

बुधवारी ब्रांडेसनी दोघांना बोलावलं. जाळीच्या आत बर्फावर हरणांच्या खुरांचे ठसे होते. गुडघाभर वाढलेल्या रोपांचे शेंडे कुरतडलेले, एकही धड उरलं नव्हतं.

"झाडं विकून झालीत, यंत्र उद्या येतंय," ब्रांडेस इंग्रजीत म्हणाले. "आता बी टाकायला कोणी उरणार नाही. नर्सरीतली स्प्रूसची रोपं लावू, रांगेत." मग त्यांनी विचारलं, "फाटक उघडं होतं. शेवटी कोण आलं होतं?"

पद्माकरांच्या डोळ्यांसमोर शनिवार उभा राहिला. नुसतं लोटलेलं फाटक, लोंबणारी कडी. ते तोंड उघडणार, तोच अन्वी रडत पुढे झाली. हातमोजे होते, कडी नीट बसली नसेल, चूक माझीच, एवढं तिचं जर्मन त्यांनाही कळलं.

ब्रांडेसनी तिच्या टोपीवर हात ठेवला. "खरं बोलली. चांगलं शिकवलंत तुम्ही."

पद्माकर खोकले. मग अन्वीचा हात धरून घराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी करवतीचा आवाज घरापर्यंत येत होता. अन्वी त्यांच्या खुर्चीपाशी आली.

"आजोबा, तुम्ही रागावलात?"

"नाही गं."

"मग बोलत का नाही माझ्याशी?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. स्वच्छ झाला, तरी पुसत राहिले.