बसल्या उंचीचा शॉवर

आत्याच्या नाकावर माशी बसत नसे. उभा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला, त्यामुळे आवाज असा की शेजारची मुलंही सरळ उभी राहायची. पण पडली, उजव्या खांद्याचं हाड मोडलं, आणि जोडल्यावरही तो हात छातीच्या वर जाईना. बादलीतून तांब्या उचलून अंगावर घ्यायचा, एवढंसं काम, तेच अडलं; डाव्या हाताला भरला तांब्या पेलत नव्हता.

मग भाचेसून रोज सकाळी येऊन तिला आंघोळ घालू लागली. मुलगी गुणाची, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण अहो, सत्तरी उलटलेल्या बाईनं स्टुलावर मान खाली घालून बसायचं आणि दुसऱ्यानं तिच्यावर पाणी ओतायचं, यात कसलं आलंय सुख? आत्याला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून राग यायचा.

त्यात भाचा एक दिवस म्हणाला, "आता आमच्याकडेच राहायला चल. हे घर बंद करू. स्वतःची आंघोळ जमत नाही आणि एकटी राहायच्या गोष्टी करतेस."

"आणि जमली तर?"

"जमली तर पुन्हा विषय काढणार नाही."

"शब्द दिलास, लक्षात ठेव," आत्या म्हणाली आणि तिनं लगेच प्लंबरला निरोप धाडला. शॉवर बसवायचा. तांब्या उचलायलाच नको.

प्लंबर आला, त्यानं वर पाहिलं आणि डोकं खाजवलं. "मावशी, तुमच्याकडे पंप नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपल्या वजनानं गरम पाण्याच्या टाकीत उतरतं, तिथून नळाला येतं. आणि गच्चीवरची टाकी बसलीय बाथरूमच्या थेट डोक्यावर. शॉवर तिच्या इतक्या जवळ आला तर पाण्याला जोर कुठून येणार?"

"पंप लावला तर?"

"वायरिंग जुनंय. भिंती फोडाव्या लागतील."

"भिंती राहू द्या. तुम्ही लावून तर बघा."

त्यानं गरम टाकीतून एक पाइप आणला, गच्चीवरच्या टाकीतून थंड पाण्याचा दुसरा, आणि हातात धरायचा शॉवर भिंतीवर पुरुषभर उंचीला अडकवला. नळ उघडला. झोपलेल्या बाळाच्या तोंडातून लाळ गळावी तशी धार.

भाचा दारातच उभा होता, उंटावरून शेळ्या हाकत. "थंड पाणी रस्त्याच्या मेन लाइनमधून घ्या की. तिथे केवढा जोर असतो."

प्लंबरनं तोंड वाकडं केलं, नको म्हणाला, पण भाच्यानं हट्ट सोडला नाही. जोडलं एकदाचं. शॉवर फुसांडला, पण पाणी बर्फासारखं. गरमचा नळ पूर्ण फिरवला तरी तेच, आणि वर गच्चीवरची टाकी भरून अंगणात पाणी धो धो पडायला लागलं. मेन लाइनच्या थंड पाण्यानं गरम पाण्याला ढकलत उलटं वर नेलं होतं.

"दोन्ही पाणी एकाच टाकीतलं हवं," प्लंबर पाइप सोडवत म्हणाला. "नाहीतर जोरवाला दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही."

"ते मला कळतं," आत्या म्हणाली. "महिनाभर माझ्या घरात हेच चाललंय."

प्लंबरनं पाइप पुन्हा पहिल्यासारखा जोडला, पुन्हा तीच लाळ. "आत्या, झालं ना आता समाधान?" भाचा हलक्या आवाजात म्हणाला. "अगं, तू पुन्हा पडलीस तर मी काय करू?" वाईट नव्हता तो. घाबरला होता. आत्याला ते दिसत होतं, म्हणून तर तिला जास्त भीती वाटली. वाईट माणसाशी भांडता येतं, काळजी करणाऱ्याशी कसं भांडायचं?

तिनं भिंतीवरचा शॉवर स्वतःच काढून पाहिला, धार तीच. डाव्या हातात शॉवर तसाच धरून ती स्टुलावर बसली, हात मांडीवर टेकला, आणि पाण्याचा असा फवारा उडाला की ती गळ्यापर्यंत भिजली.

"अगं बाई!"

तिनं शॉवर वर धरला, धार बारीक झाली. खाली आणला, पुन्हा फवारा. वर. खाली. कवायतच चालली होती म्हणा ना.

"टाकीपासून जितकं खाली, तितका जोर," प्लंबर म्हणाला.

"मग हे वर कुणासाठी ठोकलंत?"

"सगळे वरच लावतात, मावशी."

"सगळे उभ्यानं करतात. मी बसून करते. माझ्या खांद्याला लावा. बसलेल्या खांद्याला. आणि नळ डाव्या हाताशी."

भाचा म्हणाला, "असा शॉवर असतो का कुठे? लोक हसतील."

"लोक माझ्या बाथरूममध्ये कशाला येतील?"

प्लंबरनं मान फिरवून हसू गिळलं आणि ड्रिल उचललं.

काम संपल्यावर आत्यानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी घातली. डाव्या हातानं आधी गरम, मग थंड, हवं तेवढं. पाणी मानेवरून उतरलं, दुखऱ्या खांद्यावरून उतरलं. कुणी ओतलं नव्हतं ते. तिला रडू आलं, आणि रडू आलेलं कुणी पाहिलं नाही याचा तिला फार आनंद झाला.

बाहेर भाच्यानं घर बंद करायचा विषय काढला नाही. शब्द दिला होता ना. बऱ्याच वेळानं भाचेसुनेनंच दार वाजवलं. "आत्या, पाठीला हात पोचत नसेल तुमचा. मी येऊ का चोळायला?"

हात पोचत नव्हताच.

"नको," आत्या आतून म्हणाली. "राहिली मळकी तर राहू दे. माझी पाठ आहे."