झिंग्याची बाधा

ब्रह्मपुरीजवळच्या मासेमार ढिवरांच्या वस्तीत सकाळपासून देवकाबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध, झिंगे खाऊन होणारी बाधा उतरवणारा जलनाथबुवा. त्याने देवकाबाईच्या चैतूच्या उघड्या अंगावर 'देवीचं जाळं' टाकलं, आणि बघता बघता पोराच्या अंगावर गांधी उठल्या.

"पाहा! झिंग्याची बाधा वर आली!" बुवा गरजला. त्याने शेणाचा लेप चढवला, वाळल्यावर खरवडून काढला, अंगारा फासला. खाज गेली. मग चैतूने वाटीभर झिंगे मिटक्या मारत खाल्ले. एकच जयजयकार झाला.

रंभा कुंपणापाशी धुमसत होती. देवकाबाई तिची थोरली जाऊ. खरा त्रास रंभाच्या शेवंतीला. झिंगा तोंडात गेला की ओठ सुजायचे, श्वास कोंडायचा. आणि देवीची कृपा जावेच्या पोरावर!

"आन ना तुह्या पोरीले," देवकाबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "काऊन भेतं?"

ते झोंबलं. रंभाने शेवंतीला बुवापुढे बसवलं. तेवढ्यात दवाखान्याचे डॉक्टर गुणवंतराव धावत आले.

"थांबा बाई! झिंगा हिचा जीव घेईल."

"डाक्टर जळून राह्यला माह्यावर!" बुवाने जाळं उचललं. लोक हसले.

रंभाची नजर मात्र झिंगे चघळणाऱ्या चैतूवर खिळली होती. "चैतूले बाधा होती कधी? तलाव उपसला तवा माह्याच चुलीवरच्या गंजातले झिंगे ओरपून गेला. माही पोरगी कोरडा भात खाऊन राह्यली होती. मी पाह्यलं ना!"

देवकाबाईने घाईने चैतूच्या हातातली वाटी काढून घेतली. डॉक्टरांनी जाळं हिसकून स्वतःच्या दंडावर घासलं. तिथेही गांधी!

"मी तर जन्मात झिंगा चाखला नाही," ते म्हणाले. जाळ्याच्या गाठींत खाजकुइलीच्या शेंगांची बारीक कुसं अडकली होती. वाळल्या लेपाबरोबर ती निघून येत. बुवाच्या झोळीत शेंगाच सापडल्या.

"मंग माह्या पोरीले औषध?"

"तिचं शरीर झिंग्याला शत्रू समजतं. आज खात्रीचा उपाय एकच, तो टाळायचा. दम कोंडला तर लगेच दवाखान्यात आणा, इंजेक्शन देऊ. काही डॉक्टर तोच पदार्थ कणाकणाने देऊन पाहताहेत, पण त्याचा भरवसा अजून नाही. घरी करून बघू नका."

म्हणजे जावेचं पोर खाणार, आपलं नाही. रंभाला ते पुन्हा झोंबलं. तरी तिने बुवाने शेवंतीसाठी भरून ठेवलेली वाटी उपडी केली. "माही पोरगी झिंगे खात नाई. ज्याले हसाचं त्यानं हसावं."

कोणी हसलं नाही. डॉक्टर गर्दीकडे वळले. "रोग घालवला म्हणणाऱ्याला आधी एवढंच विचारा, रोग होता कशावरून?"