मोडलेल्या फोल्डरचा हिशेब

मित्रांनो, पेडण्याला जमिनी मोजणाऱ्या बाबाजींच्या कार्यालयात, टेबलाखाली बसलेला मी एक जुना संगणक. मला पडदा नाही. पण कार्यालयातले सगळे संगणक वायरीने मला जोडलेले आहेत आणि सर्वांचा सामायिक फोल्डर माझ्या पोटात आहे. चोपडे, हरमल, मोपा अशा गावागावांचे नकाशे त्यात असतात.

हरमलच्या गौरवीने तो फोल्डर नीट लावला होता. माझ्या जाळीवरची धूळ पुसणारीही तीच. प्रशांत मात्र मला पायाने सरकवायचा. तो तिथला जुना माणूस. गौरवीचं कौतुक झालं की त्याच्या कपाळावर आठी पडायची.

एका शुक्रवारी गौरवी रजेवर होती. प्रशांतने सगळे नकाशे आपल्या पद्धतीने हलवायला घेतले. काम अर्ध्यावर असताना त्याला घरी जायची घाई झाली आणि त्याने माझं भिंतीवरचं बटण सरळ बंद केलं. फोल्डर मोडला. सोमवारी नावं दिसत होती, नकाशे उघडत नव्हते.

"गौरवीनच कायतरी केल्यान," प्रशांत म्हणाला.

बाबाजींनी शहानिशा केली नाही. "उद्यापासून येव नको गो," त्यांनी तिला सांगितलं. ती डबा उचलून गेली. बाजारभर बोभाटा झाला, की तिने लोकांच्या जमिनींचे नकाशे पुसले.

त्या दिवसापासून मी प्रशांतवर दात धरला. प्रशांत क्लिक करायचा, मी नकार द्यायचो. तो चिडून माझ्या पाठीवर थापा मारायचा. खरं सांगतो, मला नकाशे उघडता येतच नव्हते; पण येत असते तरी मी उघडले नसते.

फक्त शेवंतीकाकी आली की मला लाज वाटायची. चोपड्याच्या या म्हातारीच्या शेताची वाट शेजाऱ्याने कुंपण घालून अडवली होती. गुरुवारी मामलेदारांपुढे सुनावणी होती. "माझो नकाशो गावलो रे?" ती विचारायची. दोन दिवस ती बसने आली आणि तशीच परत गेली.

बुधवारी सकाळी बाबाजींनी गौरवीला फोन केला. ती आली, पण खुर्चीवर बसली नाही.

"फोल्डर दुरुस्त करतंय, बाबाजीबाब. पण आधी यंत्रात काय लिवलेला आसा, ता सगळ्यांसमोर वाचूया."

कोण काय हलवतो याची नोंद ठेवायची सोय तिनेच माझ्यात केली होती. तिने ती बाबाजींच्या संगणकाच्या पडद्यावर आणली. "शुक्रवार, चार वाजून एकावन्न मिनिटं. नकाशे हलवले. नाव, प्रशांत. चार बावन्न. वीज अचानक बंद."

प्रशांत खाली बघू लागला.

"मोठ्यान वाच," गौरवी त्याला म्हणाली. "माझा नाव घेतलंस, तेव्हा मोठ्यान घेतलंस."

शेवंतीकाकी दारात उभी होती. प्रशांतने अडखळत वाचलं. मला इतका आनंद आधी कधीच झाला नव्हता.

मग गौरवी कामाला लागली. आधी तिने माझ्यातलं सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवलं, मग माझी डिस्क तपासली, तुटलेल्या जोडण्या जुळवल्या. दुपारी शेवंतीकाकीचा नकाशा छापून बाहेर पडला. काकीने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"उद्यापासून ये," बाबाजी पडेल आवाजात म्हणाले. "चूक झाली माझी."

"ता बाजारात सांगा. माका डिचोलीत काम गावला."

जाण्याआधी तिने प्रशांतच्या नावापुढे फक्त बघण्याची परवानगी ठेवली. आता एक रेघ बदलायची तरी त्याला बाबाजींपुढे जाऊन उभं राहावं लागतं. बाबाजी त्याला ताटकळत ठेवतात. मला त्याची दया येत नाही.

मित्रांनो, काम चालू असताना यंत्राची वीज तोडू नका. सर्वांच्या वस्तूची प्रत वेगळी जपून ठेवा. आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारणार असाल, तर आधी टेबलाखाली वाकून बघा. तिथे माझ्यासारखा कुणीतरी नाव आणि वेळ लिहीत बसलेला असतो.