माझी डावी बाजू

मित्रांनो, मला पाहायचे असेल तर आधी उजवीकडून या. मी एक जुने, छोटे वाफेचे इंजिन आहे. छोटे म्हणजे दीड हात लांब. पण खेळणे म्हणून हिणवू नका. माझ्या पोटात खरा कोळसा जळतो, खरे पाणी उकळते, आणि आठ-आठ माणसांना मागच्या डब्यांवर बसवून मी अशी छोटी इंजिने घडवणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबाच्या रुळांवरून ओढले आहे. रंग गडद हिरवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या टाक्यांवर काळ्या पट्ट्याची चौकट, आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना केसाइतकी बारीक नारिंगी रेघ. उजव्या बाजूची ती रेघ पाहून जाणती माणसे चष्मा पुसून पुन्हा पाहतात. डाव्या बाजूविषयी बोलायचे म्हटले की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. तरी आज तेच सांगणार आहे.

माझा जन्म लाँगटन गावी झाला. तिथे अर्धे गाव कोळशाच्या खाणीत जायचे आणि उरलेले अर्धे कपबशांच्या कारखान्यात. सिरिल ब्लूर खाणीच्या कार्यशाळेत फिटर होता. घरामागच्या लाकडी खोपटात त्याने मला सात वर्षे घडवले. चाके घासली, तांब्याचा बॉयलर जोडला, माझा एकेक दांडा कानसेने इतका गुळगुळीत केला की त्यात त्याला स्वतःचे नाक दिसायचे. पहिल्यांदा माझ्यात वाफ भरली आणि शिट्टी वाजली, तेव्हा हा आडदांड माणूस शेजारच्या कुंपणापर्यंत नाचत गेला होता.

सिरिल प्रामाणिकपणाचा मोठा डांगोरा पिटायचा. क्लबातल्या लेन हुल्मने आपल्या इंजिनात तयार बॉयलर आणून बसवला, तेव्हा सिरिल सगळ्यांसमोर म्हणाला, "काय लेन, आयत्या बिळावर नागोबा झालास होय?" लेन हसून म्हणाला, "झालो बाबा. पण कागदावर तसं लिहून देणारा नागोबा आहे मी."

ते खरेच होते. आमच्या प्रदर्शनांची एक रीत आहे. इंजिन मांडण्याआधी एक कागद भरून द्यावा लागतो. त्यात एक ओळ असते, स्वतःच्या हाताने न केलेले भाग कोणते? विकत आणलेला खिळासुद्धा त्यात लिहायचा. परीक्षक कागद वाचतो, मग इंजिन पाहतो. खोटे लिहिणाऱ्याशी कोणी पुढे धड बोलत नाही.

माझे सगळे झाले आणि गाडे अडले ते रेघांवर. सिरिलने हिरवा रंग छान दिला, पण त्या जाडजूड बोटांना बारीक रेघ जमेना. तीनदा मारली, तीनदा टर्पेंटाइनने पुसली. चौथ्यांदा ब्रश भिरकावला. तेव्हा त्याची बायको विनी दारात उभी होती.

"उचल तो ब्रश, आणि याला स्वयंपाकघरात आण," ती म्हणाली.

"अगं, हे इंजिन आहे. बशी नाही."

"दिसतंय मला. बशीला चाकं नसतात."

विनीने कारखान्यात एकतीस वर्षे कपांच्या काठांवर सोनेरी रेघ ओढली होती. तिथे कप चाकावर फिरतो आणि हात थांबतो. इथे उलटे, मी थांबणार आणि हात चालणार. म्हणून तिने आठवडाभर बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर हात बसवला. मग तिने लांब केसांचा ब्रश माझ्या टाकीला टेकवला. सिरिलने विचारले, "हात हलत कसा नाही तुझा?" ती म्हणाली, "श्वास रोखायचा. एक श्वास, एक रेघ. मध्ये श्वास घेतलास तर रेघेला कळतं."

नऊ दिवस तिने माझ्यावर काम केले. कोपऱ्यांची वळणे तर अशी उतरली की मला माझाच हेवा वाटला. शेवटच्या दिवशी तिने विचारले, "कारखान्यात आम्ही तळाला आपापली खूण करायचो. करू का?" सिरिल हसला. "इंजिनावर कुणी खूण करतं का?" तिने ब्रश धुऊन ठेवला.

प्रदर्शनाचा कागद सिरिलने जेवणाच्या टेबलावर भरला. वाफेचा दाब दाखवणारी तबकडी विकतची, असे लिहिले. अकरा स्क्रू विकतचे, तेही लिहिले. विनीचे नाव लिहिले नाही. मित्रांनो, तेव्हा त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. विनी म्हणजे घर, आणि घर म्हणजे आपलेच, एवढे साधे गणित होते त्याचे. खोट आली ती दुसऱ्या दिवशी.

परीक्षक टनिक्लिफसाहेब भिंग घेऊन माझ्यासमोर वाकले आणि बराच वेळ सरळच झाले नाहीत. सिरिल शेजारी ताठ उभा होता. दोन पावलांवर विनी चीज घातलेल्या ओटच्या धिरड्यांचा डबा उघडत होती.

"ब्लूर, चाळीस वर्षांत अशी रेघ पाहिली नाही मी," साहेब म्हणाले. "केलीत कशी?"

आता सांगेल, असे मला वाटले. सिरिल म्हणाला, "श्वास रोखायचा, साहेब. एक श्वास, एक रेघ."

तिचेच शब्द! विनीने डब्याचे झाकण पुन्हा लावले. त्या दिवशी धिरडी कोणीच खाल्ली नाहीत.

उत्तम रंगकामाचे रुपेरी पदक मिळाले. माझ्यापुढे पुठ्ठा लागला, 'सर्व काम: सिरिल ब्लूर'. लोक वाकून वाकून पाहत होते, आणि मी? मी चमकत होतो. ही लबाडी आहे हे कळत होते, तरी स्तुती गोड लागत होती. आजही ते आठवले की बॉयलर थंड असतानाही अंगाची आग होते.

विनीने भांडण केले नाही. केले असते तर बरे झाले असते. ती फक्त क्लबात येईनाशी झाली, आणि खोपटाकडे फिरकेना. इकडे क्लबातल्या मंडळींनी सिरिलच्या मागे धोशा लावला, "आम्हालाही शिकव की रे!" एकदा त्याचा चष्मा बदलायचा होता, एकदा मनगट मुरगळले होते, एकदा ब्रश सापडत नव्हता. लेन म्हणाला, "सिरिल, तुझा ब्रश लाजाळू दिसतो." सगळे हसले. सिरिलही हसला, पण कान लाल झाले होते.

पुढच्याच उन्हाळ्यात, वळणावर मी रुळांवरून घसरलो आणि माझी डावी टाकी लोखंडी कठड्यावर खरवडत गेली. रेघा गेल्या, खालचे पत्रे दिसू लागले. सिरिल मला उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेला. विनी बटाटे सोलत होती.

"विनी, जरा..."

तिने वरही पाहिले नाही. "पदक ज्याच्या कपाटात, ब्रश त्याच्या हातात."

त्याने स्वतः मारली. श्वासही रोखला, अगदी तोंड जांभळे होईपर्यंत. पण रेघ वाकडीच. कुठे जाड, कुठे पुसट, कोपऱ्यात तर गांडुळासारखी वळवळलेली. त्याने ती पुसली नाही. पुन्हा मारूनही तशीच येणार, हे त्याला कळून चुकले होते.

तेव्हापासून प्रत्येक प्रदर्शनात माझी डावी बाजू भिंतीकडे. सिरिल सगळ्यांच्या आधी जाऊन भिंतीलगतचे टेबल अडवायचा. कोणी मागून पाहायला गेले की म्हणायचा, "तिकडे काही नाही." अकरा वर्षे मी भिंतीला तोंड दाखवले. सरळ बाजू जगाला आणि खरी बाजू भिंतीला, अशी आमची जोडी.

बाराव्या वर्षी लेन क्लबाचा चिटणीस झाला. त्याने सगळी टेबले सभागृहाच्या मधोमध मांडली. लोकांना चारही बाजूंनी पाहता यावे, एवढाच त्याचा हेतू. सिरिल पोहोचला तेव्हा भिंतीपाशी फक्त खुर्च्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीवर विनी होती. लेनच्या बायकोने चहासाठी मदतीला म्हणून तिला आग्रहाने आणले होते.

टनिक्लिफसाहेब आता काठी टेकत चालायचे. त्यांनी उजवी बाजू पाहिली, मान डोलावली. मग हळूहळू वळसा घालून डावीकडे आले. भिंग काढायची गरजच नव्हती.

"ब्लूर," ते म्हणाले, "हे दोन वेगळे हात आहेत."

सिरिलची सबब तयार होती, मला ठाऊक होती. वय झाले, हात कापतो. कोणीही मानली असती. आणि मित्रांनो, माझी सर्वांत मोठी लाज इथेच आहे. मी मनात ओरडत होतो, 'वय झालं म्हण, सिरिल! पदक जाईल आपलं!'

"वय..." त्याने सुरुवात केली. समोर विनी कपांत चहा ओतत होती. तो थांबला. मग म्हणाला, "उजवी बाजू विनीची, साहेब. डावी माझी. मला रेघ येत नाही. कधीच येत नव्हती."

लेनने हळूच विचारले, "आणि त्या वेळच्या कागदावर?"

"कागदावर मी स्क्रू लिहिले," सिरिल म्हणाला. "अकरा स्क्रू लिहिले, लेन, आणि बायको लिहिली नाही."

कोणी हसले नाही. नागोबाचे नावही लेनने काढले नाही. विनीने कप पुढे केला. "चहा घ्या, टनिक्लिफसाहेब. गार होतोय."

पदक परत गेले. त्या आठवड्यात सिरिलने मला पुन्हा स्वयंपाकघरात नेले, टेबलावर वर्तमानपत्र पसरले, लांब केसांचा ब्रश विनीपुढे ठेवला. "आता डावी बाजू तू कर. या वेळी आधी तुझं नाव लिहितो, मग तू सुरुवात कर."

विनीने दोन्ही हात वर्तमानपत्रावर ठेवले. बोटांचे सुजलेले सांधे आल्याच्या गड्ड्यांसारखे झाले होते. सिरिल ते हात रोज पाहत होता, तरी त्याने पाहिले नव्हते.

"चहाचा कपही आता दोन हातांनी धरते मी, सिरिल," ती म्हणाली. "उशीर झाला रे."

तो खाली बसला आणि रडला. मलाही रडता आले असते तर बरे झाले असते.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांना तेल द्या, गंज चढू देऊ नका, ही विनंती आहेच. पण त्याहून मोठी विनंती अशी की, कोणी तुमच्या वस्तूची वाहवा केली तर ज्याचा हात त्याचे नाव त्याच क्षणी घ्या. गंज उशिराही घासता येतो. नाव उशिरा घेतले तर घेणारा मोकळा होतो, ज्याचे होते त्याचे दिवस परत येत नाहीत.

पुढच्या प्रदर्शनासाठी सिरिलने नवा पुठ्ठा लिहिला, मोठ्या चौकोनी अक्षरांत. 'रेघा: विनिफ्रेड ब्लूर'. विनीने चष्मा लावून तो वाचला, मला उजवीकडून पाहिले, डावीकडून पाहिले, आणि पुठ्ठा त्याच्याकडे परत सरकवला.

"उजव्या बाजूच्या, असं लिही," ती म्हणाली. "डावी तुझी आहे. ती माझ्या नावावर खपवू नकोस."