वगळलेला अध्याय

बेंगळुरूच्या चामराजपेटेत वसुमतीच्या घरी दरवर्षी पोथीचं पारायण व्हायचं, पण सातवा अध्याय कुणी वाचत नसे. पोथी घरात आली त्याच वर्षी, पहिल्याच पारायणात, सातवा वाचता वाचता एका ओवीवर तिच्या वडिलांचा, अण्णांचा, श्वास थांबला होता. कॉलेजात शिकणारी वसुमती समोर बसून ऐकत होती. तेव्हापासून तिच्या हातून काहीच शेवटाला गेलं नाही. परीक्षेचा शेवटचा पेपर न देता ती घरी आली. ठरलेलं लग्न तिनेच मोडलं. काही संपत आलं की तिची छाती धडधडायची.

यंदा ती धाकट्या भावाला म्हणाली, "प्राणेश, आज मी सातवा वाचणार."

"नको अक्का, उगीच कशाला?"

"मग काय, अशी अर्धवटच मरू?"

दुपारी तिने पोथी उघडली. बाहेर मार्केटच्या बस गुरगुरत होत्या. अध्यायात एक माणूस आपल्याच उंबरठ्यावर जन्मभर अडकला होता. त्याला कुणी बांधलं नव्हतं. दोरी त्याच्याच मुठीत होती. आपल्यासाठीच लिहिलेलं आपण इतकी वर्षं टाळलं, असं वसुमतीला वाटलं.

आणि तिला दुसरा आवाज ऐकू आला. तिच्या शब्दाला शब्द लावून, अण्णांचाच, खर्जातला. ती थांबली की तोही थांबे. तरी ती वाचत राहिली.

ती ओवी आली. आवाज अडला. वसुमतीने दाराकडे पाहिलं. पळावंसं वाटत होतं.

"चला, अण्णा," ती पुटपुटली आणि पुढची ओवी वाचली.

बराच वेळ काही नाही. मग आवाज मागून आला, चाचपडत, अक्षरं जुळवत, हे कधीच न वाचलेल्या माणसासारखा. तिने वाचनाचा वेग कमी केला.

प्राणेश पाणी घेऊन आला आणि दारातच थिजला. हात जोडून, बहिणीशेजारची जागा मोकळी सोडून, तो पलीकडे बसला.

शेवटच्या शब्दानंतर कुणीतरी खोल सुस्कारा टाकला. वसुमतीने पान उलटलं.

"अक्का, स्वल्प पाणी पी," प्राणेश पेला पुढे करत म्हणाला.

"थांब. अजून आठवा आहे," ती म्हणाली आणि एकटीच वाचू लागली.