आम्लराजांची अंगठी

आम्लराजांनी शेवटच्या बाकावर रुमाल अंथरला, त्यावर बसले आणि हातातलं मूल्यमापनाचं पत्रक उपडं ठेवलं. उपडं ठेवायला कारण होतं. तास अजून सुरू व्हायचा होता आणि पत्रकातले पाचही रकाने भरून तयार होते. शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वेळेचा अपव्यय. विज्ञान म्हणजे कथाकथन नव्हे.’ मजकूर त्यांचा, अक्षर बायकोचं. गेली तीन-चार वर्षं त्यांचं स्वतःचं अक्षर मुंगीएवढं आणि थरथरतं येऊ लागलं होतं, त्यामुळे शाळेचं लिखाण ते घरी नेत आणि तिला सांगून लिहवून घेत. वय झालं की हात कापायचाच, असं ते म्हणत. वय छप्पन्न होतं.

आम्लराज हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. सोनंसुद्धा विरघळवणारं जे जालीम मिश्रण असतं त्याचं हे नाव, आणि पोरांच्या कुठल्यातरी जुन्या तुकडीने ते त्यांना बहाल केलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शाळेतल्या एकूण एक माणसाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. ते मत ते कुणापासून लपवत नसत.

समोर जीवशास्त्राच्या नव्या बाई कागद वाटत होत्या. वर्षाच्या बोलीवर आलेल्या, वय जेमतेम सव्वीस, आणि आल्या आल्या त्यांनी मुख्याध्यापिकेच्या गळी उतरवलं होतं की रसायन आणि जीवशास्त्र वेगवेगळं शिकवण्यात अर्थ नाही, दोन्ही एकत्र, खऱ्या माणसांच्या केसमधून शिकवायचं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं आम्लराज शिक्षकांच्या सभेत म्हणाले होते. बाई समोरच बसल्या होत्या. मुख्याध्यापिकेने शेवटी तोडगा काढला: आम्लराजांनी एक तास बसून बघावं. त्यांचा शेरा बरा आला तर बाई कायम, नाहीतर वर्षअखेरीला निरोपाचा चहा.

“आज एका माणसाला काय झालंय ते आपण शोधायचंय,” बाई म्हणाल्या. “मोठ्याने वाच गं कुणीतरी.”

चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली एक मुलगी उठली आणि वाचू लागली.

“एक गृहस्थ. वय पन्नाशीच्या पुढे. धंदा, जुनी तापमापकं आणि हवेचा दाब मोजणारी यंत्रं दुरुस्त करणे. तक्रारी, हाताला कंप, तोंडाला धातूची चव, हिरड्या सुजलेल्या, झोप नाही. घरचे म्हणतात, हल्ली ऊठसूट चिडतात, माणसांत बसत नाहीत. यांना काय झालं असेल?”

“म्हातारपण!” एकजण ओरडला.

“साखर असेल, बाई. आमच्या आत्याला आहे.”

“घरच्यांनीच डोकं फिरवलं असेल त्यांचं.”

वर्ग फिदीफिदी हसला. बाईही हसल्या, आणि आम्लराजांनी डोळे मिटून घेतले. दोन ओळींत सांगायची गोष्ट. पारा, विषबाधा, लक्षणं पाच, पाठ करा, पुढचा धडा घ्या. पण नाही. इथे पंचेचाळीस पोरं आंधळी कोशिंबीर खेळणार आणि या बाई टाळ्या वाजवणार. पुढची वीस मिनिटं त्यांनी अंगठी बोटाभोवती फिरवण्यात घालवली.

ही अंगठी शाळेत प्रसिद्ध होती. लग्नात सासऱ्यांनी घातलेली, सोन्याची म्हणून. आता पार पांढुरकी, कथलासारखी दिसे. सासऱ्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दरवर्षी धातूंचा धडा आला की आम्लराज बोट वर करत आणि म्हणत, “हे बघा, आमच्या सासऱ्यांचं सोनं. सायकलीच्या घंटीवर मुलामा चढवतात तसं.” पोरं हसत. घरात चार माणसं जमली की तोच विनोद तिथेही होई. सासरे असले तर तेही मान खाली घालून हसत. सहा वर्षांपूर्वी ते वारले, विनोद काही वारला नाही. इतकी खोटी अंगठी तुम्ही घालता कशाला, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. “पुरावा म्हणून,” आम्लराज म्हणाले होते.

बाकी रसायनाच्या माणसाला शोभेल अशी काळजी ते घेत. पाऱ्याला सोनं भेटलं की पांढरं पडतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. प्रयोगाला हात लावण्याआधी ते अंगठी न चुकता काढत, भांडारखोलीतल्या आपल्या मेजाच्या खणात, एका बशीत ठेवत आणि मगच पाऱ्याची बाटली उघडत. बावीस वर्षांत एकदाही ते विसरले नव्हते. म्हणजे दोष पाऱ्याचा नाही. म्हणजे दोष सोन्याचा, आणि सोनं देणाऱ्याचा. हिशेब चोख होता.

वर्ग अखेर धापा टाकत पाऱ्यापर्यंत पोचला.

“शाब्बास!” बाईंनी फळ्यावर ‘पारा’ लिहून त्याला गोल केला. “आता, तो शरीरात गेला कसा?”

“हाताला लागून, बाई. दुरुस्ती करताना.”

“अगदी बरोबर. कातडीतून आत गेला. मग त्यांनी काय करायला हवं होतं?”

“हातमोजे!” अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

आम्लराज उठले. या क्षणाची ते वाटच बघत होते.

“बाई, तो खडू खाली ठेवा,” ते म्हणाले. “चुकीचं शिकवायचं तर निदान हळू आवाजात शिकवा. पाऱ्याचा थेंब तळहातावर घेऊन मी दरवर्षी यांना दाखवतो. मेलो का? कातडीतून तो नावापुरता जातो. माणसाला खाते ती वाफ.” ते बाकांमधून पुढे येऊ लागले. पोरं पाय आत घेऊ लागली. “एखादं तापमापक फुटतं. मोठा थेंब माणूस उचलतो, त्याला वाटतं झालं काम. पण मोहरीहून बारीक शंभर थेंब लाकडाच्या फटीत जाऊन बसतात. त्यांना वास नाही. त्यांची वाफ डोळ्यांना दिसत नाही. खोली लहान, खिडकी बंद, थंडीत हीटर लावलेला, आणि हा शहाणा रोज चार-चार तास त्याच मेजाशी बसलेला. वर्षानुवर्षं. आधी स्वभाव जातो, मग हात. याला म्हणतात शिकवणं! दोन मिनिटं लागली.”

बाईंचे कान लाल झाले होते. आम्लराजांना फार दिवसांनी बरं वाटलं.

चष्म्याला दोरा बांधलेल्या मुलीने हात वर केला.

“सर, त्या बारीक थेंबांनी सोनं पांढरं पडतं का?”

“पडतं. थेंबाला नुसतं टेकलं तरी पडतं. मागच्या वर्षी शिकवलंय, झोपली होतीस का?”

“नाही, सर. म्हणजे मग तुमची अंगठीही तशीच झाली असेल का?” तिच्या आवाजात खोडी अजिबात नव्हती. गणित सुटल्याचा उत्साह होता फक्त. “तुम्ही ती खणात काढून ठेवता ना. मागे तुम्ही मला ती आणायला पाठवलं होतं. त्याच खणात मागे कापसात गुंडाळलेली फुटकी तापमापकं आहेत. आणि त्या खोलीची खिडकी पण…”

ती थांबली. तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं होतं. हात बाकाच्या कडेवर होता, आणि बाकावरची कंपासपेटी बारीक आवाज करत होती.

“बस खाली,” आम्लराज म्हणाले.

ते मागे गेले, पत्रक उचललं आणि घंटेची वाट न बघता वर्गाबाहेर पडले. रुमाल बाकावरच राहिला.

भांडारखोली जिन्याखाली होती. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी ती मागून घेतली होती. शिक्षकांच्या खोलीत भाजीच्या भावावर आणि सुनांच्या तक्रारींवर जे चालतं ते त्यांना सहन होत नव्हतं. असल्या लोकांत बसण्यापेक्षा बाटल्यांत बसलेलं बरं. खिडकी ते बंद ठेवत, कारण बाहेरच्या ओट्यावर शिपाई गप्पा मारत. तापमापकं फुटली की ती टाकून न देता जपून ठेवत, कारण पारा महाग आणि बाकीचे शिक्षक उधळे.

त्यांनी खण पूर्ण बाहेर ओढला, कापूस आणि काचा बाजूला काढल्या आणि खण तिरका केला. काही झालं नाही. मग त्यांनी त्याच्या बुडावर बोटाने टिचकी मारली. फळीच्या सांध्यातून एक चमकता ठिपका बाहेर आला. मग दुसरा. मग ओळीने पंधरा-वीस, घरंगळत, कोपऱ्यातल्या त्या बशीपाशी येऊन एकमेकांत मिसळले. बशी पितळेची, उथळ, तडा गेलेली. अंगठी ठेवायची.

ते खुर्चीत बसायला गेले आणि बसले नाहीत. खिडकीचा अडसर रंगाने चिकटला होता. तळहाताने चार तडाखे मारल्यावर तो सुटला. बाहेरचे शिपाई दचकून उभे राहिले. आम्लराजांनी फळीवरून गंधकाची बरणी काढली आणि खणात, मेजाखाली, फरशीच्या फटींत ती पिवळी भुकटी पसरायला सुरुवात केली. असं करायचं असतं, गंधकाने पारा बांधला जातो आणि त्याची वाफ थांबते. हेही ते दरवर्षी शिकवत.

“सर?” दारात नव्या बाई होत्या, हातात त्यांचा रुमाल. “ते हातमोज्यांचं… माझं चुकलंच.”

“चुकलंच.” ते गुडघ्यांवर होते. उठले नाहीत. “ती केस माझ्यावरून लिहिलीत?”

“तुमच्यावरून?” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पिवळ्या फरशीकडे. “नाही हो, सर. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत होती. तिथूनच उतरवून घेतली.”

ती खरं बोलत होती. तेवढा कावा तिच्या अंगात नव्हताच. तो असता तर बरं झालं असतं, असं आम्लराजांना वाटून गेलं. निदान कुणीतरी डोकं लढवून आपल्याला पकडलं असं म्हणता आलं असतं. हिने दुसऱ्याची केस उतरवली, तीही चुकीची, आणि तरी नेम लागला.

“पत्रक उद्या देतो,” ते म्हणाले. “दार उघडं ठेवून जा.”

घरी बायको जेवणाच्या टेबलाशी विणकाम घेऊन बसली होती. आम्लराजांनी तिच्यापुढे कोरं पत्रक ठेवलं.

“सकाळीच तर लिहिलं,” ती म्हणाली.

“पुन्हा लिहायचंय.”

तिने सुया बाजूला ठेवल्या आणि पेन उघडलं. त्यांनी मात्र मजकूर सांगितला नाही. अंगठी काढून टेबलावर ठेवली.

“ही खरी आहे,” ते म्हणाले. “पारा लागलाय तिला.”

“हो.”

“हो म्हणजे?”

“तुम्ही तापाने पडला होता बघा एकदा, तेव्हा सराफाला दाखवून आणली होती. अठरा वर्षं झाली. सोनं बावनकशी आहे म्हणाला. तापवून पारा उडवतो, पुन्हा पिवळी करून देतो म्हणाला. मी नको म्हटलं.”

“का?”

“पिवळी करून आणली असती तर मुलामा दिला असं तुम्हीच म्हणाला असता.”

आम्लराज नेमकं तेच म्हणाले असते.

“सांगायचं तरी होतंस मला.”

“रसायनशास्त्र तुमचं,” ती म्हणाली. “बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, राहू दे. शिकलेला माणूस आहे, चारचौघांत चुकला तर त्याला फार लागेल.” तिने पत्रक सरळ केलं. “हं. शेऱ्यात काय?”

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. तो दुरुस्त करायला ते कुणाला बोलवत नसत, कारण नळवाले सगळे चोर.

“लिही,” ते म्हणाले. “बाईंच्या माहितीत एक गंभीर चूक होती.”

तिने लिहिलं.

“पद्धत चालू ठेवावी. बाईंनाही.”

तिने मान वर केली नाही. लिहून झाल्यावर पत्रक त्यांच्याकडे सरकवलं. सही तेवढी त्यांनाच करावी लागे. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि ती केली. कोळ्याने जाळं विणायला घेऊन मधेच सोडून द्यावं तशी आली.

“हे हाताचंही त्यानेच झालं असणार,” ते म्हणाले. “उद्या डॉक्टरांना दाखवतो. बरं होतं म्हणे, त्या खोलीतून बाहेर पडलं की.” मग जरा थांबून, सुटल्यासारखं, “आणि चिडचिडही त्यानेच होते बरं का. पुस्तकात आहे. घरच्यांना टाकून बोलणं, माणसं नकोशी होणं. म्हणजे इतकी वर्षं जे काही मी… ते माझं नव्हतंच. पाऱ्याचं होतं.”

बायकोने पेनाला टोपण लावलं.

“ती खोली तुम्हाला कधी मिळाली?”

“बावीस वर्षं झाली.”

“आपल्या लग्नाला अठ्ठावीस झाली,” ती म्हणाली, आणि तिने विणकाम पुन्हा हातात घेतलं.