भिंतीच्या आत

कुलसचिव भूपेंद्र साहूंनी जबाबाचा कागद वाचून संपवला, टेबलावर उलटा ठेवला आणि चष्म्याच्या वरून प्रेमानंदकडे पाहिलं.

"वासनिकजी, आपने इससे कहा था न, कि वहीं नीचे उतारो?"

प्रेमानंद उभाच होता. साहेबांसमोर बसायची सवय त्याला भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या चौतीस वर्षांत लागली नव्हती, ती विद्यापीठाच्या गेटवर दोन वर्षांत कुठून लागणार? समोरच्या खुर्चीवर समृद्धी देशकर ओढणीच्या टोकाला गाठी मारत बसली होती. एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. आत्ता वाचला तो जबाब तिचाच होता. ड्रोन आपण स्वतःच्या मनानं विद्यापीठाच्या भिंतीबाहेर नेला, असं तिनं लिहून दिलं होतं. पातं मोडल्यावर निरीक्षक वासनिक यांनी तो जागच्या जागी खाली घ्यायला सांगितलं, पण आपण ऐकलं नाही, असंही लिहिलं होतं.

त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

खरं काय ते प्रेमानंदनं सकाळी दाढी करताना तीनदा पाठ केलं होतं. साहेब रागावतील, दोष देतील, मग आपण मान खाली घालून कबूल करू, अशी त्याची तयारी होती. कोणी वाढलेलं ताटच समोर आणून ठेवील, हे त्यानं धरलंच नव्हतं.

"हाँ सर," तो म्हणाला.

कोपऱ्यातल्या ओमप्रकाश बाबूनं ते लगेच टाईपही करून टाकलं. मागे घ्यायला काही उरलं नाही, असं प्रेमानंदला वाटलं. खरं तर उरलं होतं. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात साहूसाहेब निकाल सांगू लागले. समृद्धीला एक वर्ष उड्डाणबंदी, ड्रोन जमा, फाईलमध्ये लेखी ताकीद. होस्टेलांच्या छतांवर कुठे कुठे पाणी साचतं, डास कुठे वाढतात, हे ती वरून टिपत होती. तोच तिचा प्रबंध होता आणि निम्मी छतं अजून राहिली होती. म्हणजे प्रबंधही वर्षभर लांबला.

"और वासनिकजी जैसे ऑब्ज़र्वर हों, तो दुर्घटना होगी ही नहीं," साहूसाहेब म्हणाले. "अगले शनिवार से बच्चों की ट्रेनिंग आप ही लीजिए."

चौकशी समितीतल्या बाकीच्या दोघा प्राध्यापकांनी माना हलवल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोराला वर मास्तरही केलं होतं.

जिन्यापाशी त्यानं समृद्धीला गाठलं.

"बेटा, हे काय करून ठेवलं तू?"

"काही नाही काका. माझं एक वर्ष जाईल. बाबा आहेत, घर आहे, मी करून घेईन मॅनेज." ती घाईत होती. "तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर आहात ना. आपको तो उसी दिन निकाल देते."

"म्हणून तू खोटं बोलून राहिली?"

"तुम्ही पण तर बोलले."

ती चिडून बोलली नव्हती. साधं, हिशेबात असल्यासारखं बोलली आणि दोन दोन पायऱ्या उतरत निघून गेली. प्रेमानंद कठड्याला धरून उभा राहिला. आयुष्यात त्यानं कोणाची मेहेरबानी घेतली नव्हती. बाप, लहानू, भंडाऱ्याहून हातात एक ट्रंक घेऊन भिलाईला आला, तेव्हा त्यानं पोराला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. शिकायचं, आणि कोणाच्या उपकाराखाली राहायचं नाही. आज साठी उलटल्यावर एका अफसराच्या पोरीनं तो उपकार न विचारताच त्याच्या डोक्यावर ठेवला होता, आणि त्यानं तो ठेवून घेतला होता.

विद्यापीठात ड्रोन उडवायचे चौदा नियम होते. ते गेटवरच्या केबिनमध्ये, प्रेमानंदच्या खुर्चीमागे चौकटीत लावले होते. पहिला नियम, ड्रोन भिंतीबाहेर जाणार नाही. सहावा, उडवणाऱ्याशेजारी एक निरीक्षक उभा राहील. तो आकाशाकडे पाहील, स्क्रीनकडे नाही. नववा, काही बिघाड झाल्यास ड्रोन जागच्या जागी खाली घ्यायचा. निरीक्षक म्हणून त्याचीच निवड झाली, कारण तो प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनतात तिथे, क्रेनचा सिग्नलमन होता. वर लोखंड लटकत असताना खाली कोणी येऊ द्यायचं नाही, नजर हलवायची नाही, हे त्याच्या रक्तात भिनलं आहे असं साहेबांना वाटलं. त्यालाही तसंच वाटत होतं.

गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारी दुपारी चार वाजता समृद्धीचं मुलींच्या होस्टेलचं छत टिपून झालं होतं. बॅटरी शिल्लक होती. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे प्लांटच्या जुन्या क्वार्टरांची ओळ दिसत होती. ती रिकामी करून, कुंपण घालून बंद केली होती. प्रेमानंद सहज बोलून गेला.

"तिथं आमचं क्वार्टर व्हतं. सत्तावीस वर्षं राह्यलो. बायकोनं मागच्या आंगनात बोधीचं झाड लावलं व्हतं, दीक्षाभूमीवरून रोप आणून. डालड्याच्या डब्यात आणलं व्हतं तिनं, मांडीवर ठेवून. आता हाय का तोडलं, कोणाले माईत."

पंचफुला जाऊन सहा वर्षं झाली होती. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. भिलाईत सगळ्यांनाच सोडावं लागतं, त्यात रडण्यासारखं काही नाही. सामान टेम्पोत घालून तो वैशाली नगरला भाड्याच्या घरी आला. झाड काही टेम्पोत घालता येत नाही.

"बघायचं का काका?" समृद्धी हसली. "दो मिनट."

नाही म्हणणं, एवढंच त्याचं काम होतं. त्यासाठीच तर त्याला तिथे उभं केलं होतं. तो गप्प राहिला.

ड्रोन भिंतीवरून गेला. छपरं दिसली, कौलं उतरलेली, अंगणात माणूसभर उंच गवत. मग त्याच्या सात नंबरच्या क्वार्टरमागे ते झाड दिसलं. छपराच्या वर गेलेलं, हिरवंगार. प्रेमानंदनं आकाश सोडलं आणि स्क्रीनवर डोकं खुपसलं. पानं हलताना दिसत होती. "खाली, खाली, थोडं जवळून," असं तोच म्हणाला. त्या झाडावर घारीनं घरटं केलं आहे, ती उठून ड्रोनवर झेपावली आहे, हे ज्याच्या डोळ्यांनी पाहायचं ते डोळे पंचफुलाच्या झाडात अडकले होते.

धक्का बसला. स्क्रीन तिरकी झाली.

"काका, पातं गेलं. तिथेच उतरवू का? अंगणात कोणी नाही."

तिनं विचारलं होतं. ही गोष्ट त्याला पुढे झोपेतही आठवायची. खाली ओसाड अंगण होतं, कोणीही नव्हतं, आणि पोरीनं नववा नियम स्वतःहून विचारला होता.

"नाही, नाही!" प्रेमानंद ओरडला. "आत आण. भिंतीच्या आत आण आधी!"

प्लांटमध्ये ज्यानं जन्म काढला त्यालाच हे कळेल. तिथे माणसाला आगीची भीती नसते तेवढी गेटची असते. हातातला साधा पाना गेटपासशिवाय बाहेर सापडला तर चार्जशीट. चौतीस वर्षं प्रेमानंदनं घरी जाताना खिसे चाचपले होते. ड्रोन बाहेर पडला तर तो बाहेर कसा गेला हे विचारतील, एवढं एकच त्याच्या डोक्यात आलं. वर काय लटकतंय आणि खाली कोण आहे, हे आलंच नाही.

ड्रोन लंगडत भिंतीवरून आत आला. अगदी नियमात आला. आणि होस्टेलच्या मेसमागे, जिथे मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या सिंधुताई तांदूळ निवडत बसल्या होत्या, तिथे दगडासारखा खाली पडला. त्यांनी डोकं वाचवायला हात वर केला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो डझनभर केळी घेऊन सिंधुताईंच्या घरी गेला. त्या वैशाली नगरातच दोन गल्ल्या सोडून राहत. यजमान प्लांटच्या कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्लास्टर गळ्यात अडकवून सिंधुताई डाव्या हातानं चहा करू लागल्या. नको म्हटलं तरी ऐकेनात.

"बसा जी भाऊ. तुमच्यासारखा माणूस घरी आला, अन् चहा बी नाही पाजू?" साखर सांडली, ती त्यांनी पदरानंच पुसली. "आयकलं मी सगळं. तुमी त सांगितलं म्हणे, खाली घे, खाली घे. अन् ते पोट्टी आयकेच ना."

प्रेमानंदनं केळ्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मोठ्या घरची पोर. तिले काय पडलं हाय? एक डाव बी आली नाही भेटाले."

"येईन ती," तो कसाबसा म्हणाला. "भेव वाटत असन तिले."

"भेव कायचं? चूक झाली त झाली म्हनावं." त्यांनी कप त्याच्यापुढे सरकवला. "आमचे मालक सांगत. कोक ओव्हनमध्ये कोणाच्या हातून काही घडलं, त दुसऱ्या दिवशी शिफ्ट चालू व्हायच्या आधी त्याले सगळ्यायसमोर उभं करत. आधी नाव, मंग टोकन नंबर, मंग चूक. तुमच्या मिलमध्ये बी असनच."

"हाव," प्रेमानंद म्हणाला. "व्हतं."

"पोळ्या लाटता येईन का नाही, डॉक्टर सांगून नाही राहिला. पण मले त्याचं एवढं नाही. माणसानं निदान समोर येऊन सांगावं."

चहा गोड होता, फार गोड. तो त्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि उठला. दारात चपला घालताना त्यानं तोंड उघडलं, पण आलं ते एवढंच, "जपून राहा ताई." गल्लीच्या टोकाशी पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की केळ्यांची पिशवी अजून आपल्याच हातात आहे. परत जायची लाज वाटली. एक केळं त्यानं गाईला घातलं, बाकीची घरी तशीच काळी पडली.

आठवडाभर तो ड्यूटीवर बरोबर आला, बरोबर गेला. समृद्धी रोज सकाळी गेटमधून आत यायची, "नमस्ते काका" म्हणायची, आणि तो नोंदवहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करायचा. बुधवारी तिनं त्याच्या मोबाईलवर एक फोटो पाठवला. झाडाचा. घारीच्या धक्क्याआधीचा असावा. पानं अगदी मोजता येतील इतका स्वच्छ. खाली तिनं लिहिलं होतं, 'आहे अजून.' त्यानं तो एकदा पाहिला आणि फोन उपडा ठेवला. ज्या झाडाखाली बसून पंचफुला पोरांना पंचशील म्हणायला लावायची, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, त्या झाडाकडे बघण्याची त्याला सोय राहिली नव्हती.

शनिवारी सभागृहात तीस-पस्तीस मुलं-मुली जमली. पुढच्या रांगेत साहूसाहेब बसले. फळ्यावर कोणीतरी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'प्रशिक्षक – श्री प्रेमानंद वासनिक'. दाराशी सिंधुताई उभ्या होत्या. त्यांना आता मेसमधून काढून चहा द्यायच्या हलक्या कामावर लावलं होतं. प्लास्टर गळ्यात, किटली डाव्या हातात.

प्रेमानंदनं नियमांचा कागद उघडला आणि एकेक वाचू लागला. मुलं लिहून घेत होती. पहिला नियम वाचला. सहावाही वाचला. मग नववा आला.

"कुछ ख़राबी आ जाए, तो ड्रोन जहाँ है, वहीं..."

पुढचा शब्द कागदावर होता. तो त्याच्याच्यानं म्हणवेना. मुलांनी माना वर केल्या. एकीनं पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. साहूसाहेबांनी हातानंच खूण केली, चलने दीजिए.

प्रेमानंदनं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. मिलमध्ये शिफ्टच्या आधी उभे राहायचे तसे दोन्ही हात शरीराला सरळ लावले, आणि तो टेबलाच्या बाजूनं पुढे येऊन उभा राहिला.

"मेरा नाम, प्रेमानंद लहानू वासनिक."

मुलं हसली. नाव तर फळ्यावर लिहिलेलंच होतं. साहूसाहेबांनाही गंमत वाटली.

"टोकन नंबर, सत्रह हज़ार चार सौ नौ."

आता मुलं एकमेकांकडे बघू लागली. हा आकडा कसला, तो लिहून घ्यायचा की नाही, कोणालाच कळेना.

दाराशी सिंधुताईंनी हातातली किटली हळूच जमिनीवर ठेवली, आणि त्या आत येऊन त्याच्या समोर उभ्या राहिल्या.